सिगारेट, दारू आणि कॅसिनोचे शेअर: नफा कुठून येतो आणि फटका कुठून बसतो

पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, त्यातला काही भाग शेअर बाजारात जातो. तो निफ्टी ५० आणि सेन्सेक्सवर आधारलेल्या ईटीएफमधून, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडांतून, गुंतवला जातो आणि या दोन्ही निर्देशांकांत आयटीसी आहे. म्हणजे तंबाखूला आयुष्यात हात न लावलेल्या माणसाचाही थोडासा पैसा सिगारेटच्या कंपनीत असतो. निफ्टीचा कुठलाही साधा इंडेक्स फंड घ्या, तेच. आयटीसीला प्रवर्तक, म्हणजे कंपनीचा ताबा असलेला मालक, असा नाही. एलआयसी, इतर सरकारी विमा कंपन्या आणि जुन्या युनिट ट्रस्टचा उरलेला सरकारी गठ्ठा, ज्याला बाजारात 'सूटी' म्हणतात, यांच्याकडे मिळून जवळजवळ पाव हिस्सा आहे. एकीकडे पाकिटावर ८५ टक्के जागेत कर्करोगाचं चित्र छापायला लावणारं सरकार दुसरीकडे त्याच पाकिटाच्या नफ्यात भागीदार आहे. यावर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. आमच्या मते तो आक्षेप रास्त आहे. तोंडाच्या कर्करोगाने घरं उद्ध्वस्त होताना महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्या आजाराचा खर्च कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

हे शेअर नकोच असं ज्याने ठरवलं असेल, त्याला वाट आहे. निफ्टी १०० ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांवर बेतलेल्या) निर्देशांकातून तंबाखू, दारू आणि जुगाराच्या कंपन्या वगळलेल्या असतात. शरियाच्या निकषांवर चालणारे फंड, उदाहरणार्थ टाटा एथिकल फंड, याही कंपन्या घेत नाहीत आणि बँकाही घेत नाहीत. त्यामुळे त्यांचा परतावा निफ्टीपेक्षा बराच वेगळा येऊ शकतो. इतर कुठलाही फंड घेण्याआधी त्याची महिन्याची फॅक्टशीट उघडून त्यातल्या शेअरची पूर्ण यादी वाचावी. वरच्या दहा नावांवर थांबू नये. 'एफएमसीजी' (रोजच्या वापराच्या वस्तू) नावाच्या फंडात तर आयटीसी बहुधा पहिल्या दोन-तीन नावांतच सापडेल.

आणि ज्यांना घ्यायचे आहेत, किंवा ज्यांच्याकडे आधीपासून आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

'व्यसन सुटत नाही' एवढं कारण पुरत नाही

लोक मंदीतही सिगारेट ओढतात आणि दारू पितात, म्हणून हे शेअर चांगले, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. धंदा टिकाऊ आहे हे सगळ्यांनाच ठाऊक असेल तर ते भावात आधीच धरलेलं असतं. जास्त परतावा मिळायचा तर शेअर मुळात स्वस्त मिळायला हवा.

हॅरिसन हाँग आणि मार्चिन कॅस्पेर्चिक या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या १९६५ ते २००६ या काळातल्या दारू, तंबाखू आणि जुगाराच्या शेअरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांचे निधी, पेन्शन फंड, धर्मादाय संस्था हे शेअर टाळतात, विश्लेषकही त्यांच्याकडे कमी लक्ष देतात, त्यामुळे भाव दबलेला राहतो आणि जो घेतो त्याला तुलनेने जास्त परतावा मिळतो, असं त्यांना आढळलं. फरक वर्षाला साधारण तीन टक्क्यांचा. २०१७ मध्ये डेव्हिड ब्लिट्झ आणि फ्रँक फॅबोझी यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. या कंपन्या भांडवलावर भरपूर नफा मिळवतात आणि नव्या विस्तारावर बेताने खर्च करतात. हे दोन गुण हिशेबात धरले की वेगळा असा 'पापाचा' परतावा उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आम्हाला हा दुसरा निष्कर्ष जास्त उपयोगी वाटतो, कारण त्यावरून नेमकं काय तपासायचं ते कळतं.

भारतात ही कसोटी लावली की एक गोष्ट लगेच दिसते. आयटीसीचा पी/ई, म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, बरीच वर्षं साबण-बिस्किटांच्या मोठ्या कंपन्यांच्या निम्म्याच्या आसपास राहिला आहे. तिथे सूट खरोखर मिळते. युनायटेड स्पिरिट्स, रॅडिको खेतान, युनायटेड ब्रुअरीज या दारूच्या कंपन्यांना मात्र बाजाराने गेल्या काही वर्षांत चढा भाव दिला आहे. लोक महागड्या बाटलीकडे वळतील ही आशा त्यात आधीच मोजलेली आहे. तेव्हा 'व्यसनाचे शेअर स्वस्त असतात' हे वाक्य दारूच्या शेअरला चिकटवून खरेदी करणारा फसतो.

सिगारेट: बंद दारामागचा धंदा

सिगारेटच्या धंद्यात नवा माणूस शिरू शकत नाही. २००३ च्या कायद्याने जाहिरातीला बंदी आहे, त्यामुळे नवा ब्रँड लोकांपर्यंत पोचवायचा कसा हाच प्रश्न. सिगारेटच्या उत्पादनात थेट परकीय गुंतवणुकीला २०१० पासून मनाई आहे. ई-सिगारेट २०१९ मध्ये पूर्ण बंद झाली. हे सगळे निर्बंध आरोग्यासाठी आणले, आणि ते हवेच होते; पण जे आधीच आत होते त्यांची स्पर्धा त्यामुळे संपली. आयटीसी, गॉडफ्रे फिलिप्स, व्हीएसटी इंडस्ट्रीज अशी मोजकीच नावं उरली.

आता एका सिगारेटचा हिशेब पाहू. आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. छापील किंमत १० रुपये. त्यात सगळे कर मिळून ५.५० रुपये, दुकानदार आणि वितरकाचा १ रुपया, कंपनीच्या हाती ३.५०. उत्पादनाचा खर्च १.२५ धरला तर नफा २.२५. कंपनीने किंमत ५० पैशांनी वाढवली तर ओढणाऱ्याला ती पाच टक्के वाढ वाटते. त्या ५० पैशांतले सुमारे १४ पैसे ४० टक्के जीएसटीत जातात, पाच-सहा पैसे विक्रेत्यांकडे, आणि ३० पैसे कंपनीकडे राहतात. नफा २.२५ वरून २.५५, म्हणजे १३ टक्क्यांनी वाढला, तोही एक सिगारेट जास्त न विकता. कारण उत्पादन शुल्क नगावर, सिगारेटच्या लांबीप्रमाणे लागतं. किंमत वाढवली म्हणून ते वाढत नाही.

हाच हिशेब उलटाही फिरतो. सरकारने नगामागे शुल्क १ रुपयाने वाढवलं, तर त्यावर जीएसटी धरून किंमत १.४० रुपयांनी वाढवावी लागते, तेव्हा कुठे नफा जागच्या जागी राहतो. १० ची सिगारेट ११.४० ला गेली की काही जण कमी ओढतात, काही जण कर चुकवून आलेल्या सिगारेटकडे वळतात. तिचा दुकानदाराला फायदाही जास्त असतो. विक्री ८ टक्क्यांनी घटली तर नफाही ८ टक्क्यांनी घटतो. कंपनीने किंमत न वाढवता तो रुपया स्वतः सोसला, तर २.२५ चा नफा १.२५ वर येतो, म्हणजे ४४ टक्के साफ. म्हणून कंपन्या वाढ एकदम न करता हप्त्याहप्त्याने करतात, आणि मधल्या दोन-तीन तिमाहींचे निकाल वाईट दिसतात. करवाढीची कुणकुण लागली की व्यापारी आधीच माल भरून ठेवतात. त्यामुळे वाढीच्या आधीची तिमाही फुगलेली आणि नंतरची खचलेली दिसते. या दोन तिमाही वेगवेगळ्या न पाहता एकत्र वाचाव्यात.

खरे धक्के कसे बसतात ते दोन तारखांवरून कळेल. १७ जुलै २०१७ च्या संध्याकाळी जीएसटी परिषदेने सिगारेटवरचा उपकर वाढवला आणि दुसऱ्या दिवशी आयटीसीचा शेअर जवळपास १३ टक्के पडला. जुलै २०१७ च्या वरच्या पातळीवर शेअर परत यायला २०२२ उजाडलं. पाच वर्षं हाती फक्त लाभांश. दुसरा धक्का ३१ डिसेंबर २०२५ चा. जीएसटीवर वेगळा लागणारा भरपाई उपकर संपत होता, त्याच्या जागी १ फेब्रुवारी २०२६ पासून ४० टक्के जीएसटी आणि त्याशिवाय हजार सिगारेटमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क जाहीर झालं, म्हणजे नगामागे दोन ते साडेआठ रुपये. १ जानेवारी २०२६ ला आयटीसी सुमारे १० टक्क्यांनी खाली आला, गॉडफ्रे फिलिप्स त्याहून जास्त. गॉडफ्रेला मार जास्त बसण्याचं कारण सोपं आहे: आयटीसीकडे पीठ-बिस्किटं, कागद, शेतमाल असे दुसरे धंदे आहेत, गॉडफ्रेचा बहुतेक भार तंबाखूवरच आहे.

त्या दुसऱ्या धंद्यांबद्दलही भ्रम नको. आशीर्वाद आटा आणि सनफीस्ट सगळ्यांना दिसतात. पण आयटीसीच्या वार्षिक अहवालात 'सेगमेंट' नावाचा तक्ता असतो, तो काढून पाहावा. तिथे प्रत्येक धंद्याची विक्री आणि नफा वेगळा दिलेला असतो. विक्रीत सिगारेटचा वाटा निम्म्याच्या आसपास दिसेल, नफ्यात मात्र तो सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त. हॉटेलं तर १ जानेवारी २०२५ पासून वेगळ्या कंपनीत गेली. शेअर घेताना आपण सिगारेटचाच नफा विकत घेतो आहोत हे पक्कं धरावं.

दारू: एक देश, पण बाजार राज्याराज्यांचे

माणसाने पिण्याची दारू जीएसटीबाहेर आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ती राज्यांच्या यादीत येते. शुल्क, परवाना, दुकानं, अनेक ठिकाणी तर कंपनीने कुठल्या भावाला विकायचं तेही राज्य ठरवतं. त्यामुळे दारूच्या कंपनीचं विश्लेषण करताना 'भारतातली मागणी' असा एकच आकडा धरून चालत नाही.

पहिली चूक विक्रीच्या आकड्यातच होते. दारूच्या कंपन्यांच्या नफा-तोटा पत्रकात वर जी विक्री दिसते तीत राज्यांना द्यायचं उत्पादन शुल्क धरलेलं असतं. युनायटेड स्पिरिट्सच्या बाबतीत ते निम्म्याहून जास्त असतं. ते वजा करून निव्वळ विक्री काढायची आणि नफ्याची टक्केवारी तिच्यावर मोजायची. ज्या संकेतस्थळांवर तयार गुणोत्तरं मिळतात, त्यांतली काही एकूण विक्री धरतात, काही निव्वळ. दोन कंपन्यांची तुलना करताना एकीचा आकडा असा आणि दुसरीचा तसा घेतला की सगळा हिशेब कोलमडतो.

दुसरी गोष्ट वसुलीची. तमिळनाडू, केरळ, तेलंगणा अशा राज्यांत सरकारी महामंडळ हाच घाऊक गिऱ्हाईक आहे. तो भाव वाढवू देत नाही आणि पैसेही उशिरा देतो. जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने तेलंगणाच्या महामंडळाचा बिअरचा पुरवठा थांबवला होता, कारण २०१९-२० पासून मूळ भाव वाढवून मिळाला नव्हता आणि थकबाकी साचली होती. काही दिवसांत पुरवठा सुरू झाला आणि फेब्रुवारीत १५ टक्के वाढ मिळाली. मधल्या वर्षांत काचेच्या बाटल्या, धान्य आणि वाहतूक महागतच होती. म्हणून ताळेबंदात येणी, म्हणजे गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे, किती दिवसांची आहेत ते दरवर्षी पाहावं. विक्री १० टक्क्यांनी वाढली आणि येणी ३० टक्क्यांनी, तर तो नफा अजून सरकारी तिजोरीतच आहे असं समजावं.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये दाखवली. भारतात तयार होणाऱ्या विदेशी मद्यावर, ज्यांचा जाहीर उत्पादन खर्च लिटरमागे २६० रुपयांपर्यंत आहे त्यांवर, शुल्क खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट झालं. त्याच निर्णयात धान्यापासून बनणारं 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा वर्ग आला, जो राज्यातल्या उत्पादकांनाच बनवता येतो. १८० मिलीची किमान किंमत अशी ठरली: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड १४८, भारतीय बनावटीचं विदेशी २०५, उच्च प्रतीचं विदेशी ३६०. बाटल्यांच्या या चार पायऱ्या नीट पाहिल्या की पैसा कुठे सरकणार ते कळतं. जो व्हिस्कीची स्वस्त क्वार्टर घेत होता, त्याच्यासमोर २०५ ची एक आणि १४८ ची एक अशा दोन बाटल्या आल्या. मोठ्या ब्रँडच्या कंपन्यांचे शेअर निर्णयानंतर घसरले आणि विरारला देशी दारू बनवणाऱ्या जीएम ब्रुअरीजचा शेअर उसळला. एकाच सरकारी कागदाने एकाचं नुकसान आणि दुसऱ्याचा फायदा झाला. राज्यात शुल्क फार वाढलं की गोव्याची दारू सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या रस्त्यांनी येऊ लागते, हाही जुना अनुभव आहे. ती विक्री कंपनीच्या पुस्तकात गोव्याच्या नावावर दिसते, किंवा बनावट माल असेल तर दिसतच नाही.

नाशिकच्या सुला विनयार्ड्सचा धोका निराळ्या दिशेचा आहे. तिथे शुल्कापेक्षा सवलतीकडे लक्ष हवं. द्राक्षांपासून राज्यातच वाइन बनवणाऱ्यांना व्हॅटचा मोठा भाग परत देणारी महाराष्ट्राची योजना आहे. ती रक्कम नफ्यात किती आहे, किती थकली आहे, आणि योजनेची मुदत कधी संपते, ही तीन उत्तरं वार्षिक अहवालातून काढल्याशिवाय हा शेअर घेऊ नये.

आणि बंदी. एप्रिल २०१६ मध्ये बिहार पूर्ण कोरडा झाला. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायचा निकाल दिला. कंपनीची किती विक्री कुठल्या राज्यात होते हे बहुतेक जण तपशिलात छापत नाहीत. तिमाही निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते, त्या कॉनकॉलचं टिपण वाचलं तर अंदाज येतो.

कॅसिनो: कर कशावर, हा सगळा प्रश्न

गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनो चालतात ते सार्वजनिक जुगाराच्या १९७६ च्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे. शेअर बाजारातली मोठी कंपनी एकच, डेल्टा कॉर्प. जहाजं मांडवीतून हलवायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे आणि सरकार सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ देत आलं आहे. दमणला कंपनीने मोठं हॉटेल बांधलं, पण तिथल्या कॅसिनोचा परवाना अडकून पडला.

खरा घाव मात्र कराच्या व्याख्येने घातला. एखाद्याने दहा हजारांच्या चिप्स घेतल्या आणि रात्रभर खेळून नऊ हजारांच्या परत केल्या, तर कॅसिनोची कमाई एक हजार. त्या कमाईवर २८ टक्के जीएसटी म्हणजे २८० रुपये. पूर्ण चिप्सवर २८ टक्के म्हणजे २,८०० रुपये, कमाईच्या जवळपास तिप्पट. ११ जुलै २०२३ ला जीएसटी परिषदेने पूर्ण किमतीवर कर लावायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी डेल्टा २३ टक्क्यांच्या आसपास पडला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागच्या वर्षांसाठीच्या नोटिसा आल्या. कंपनी आणि तिच्या उपकंपन्या मिळून मागणी २३ हजार कोटींच्या वर गेली, कंपनीच्या तेव्हाच्या बाजारमूल्याच्या कितीतरी पट. ऑक्टोबर २०२३ पासून कर आत येताना घेतलेल्या चिप्सवर लागतो, जिंकलेल्या पैशांतून पुन्हा लावलेल्या डावावर नाही. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर तर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने सरसकट बंदीच आली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादही त्यात उरला नाही.

म्हणून कॅसिनोच्या कंपनीत नफ्याचं पान नंतर वाचायचं. आधी हिशेबांच्या टिपांमधलं 'आकस्मिक देणी', म्हणजे वाद हरला तर द्यावे लागतील ते पैसे, हे पान उघडायचं. तिथली रक्कम कंपनीच्या निव्वळ संपत्तीपेक्षा मोठी असेल, तर तो शेअर कितीही स्वस्त दिसला तरी न्यायालयाच्या एका निकालावर लावलेला पैसाच आहे. आम्ही छोट्या गुंतवणूकदाराला त्यापासून लांबच राहायला सांगतो.

घ्यायचेच असतील तर

कर लावणारा कोण यावरून तारखा ठरतात. सिगारेटला केंद्राचा अर्थसंकल्प आणि जीएसटी परिषदेच्या बैठका, दारूला प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क धोरण, जे बहुतेक ठिकाणी एप्रिलच्या आसपास बदलतं, आणि विधानसभा निवडणुकीनंतरचे सहा महिने. या तारखांच्या तोंडावर एकरकमी खरेदी करू नये. चार-पाच भागांत वर्षभर विभागून करावी. करवाढीच्या दुसऱ्या दिवशी पडलेला भाव पाहून लगेच धावण्यातही अर्थ नाही. कंपनीने किंमत किती वाढवली आणि विक्री किती घटली हे कळायला किमान दोन तिमाही जातात. २०१७ मध्ये पहिल्या घसरणीनंतर लगेच आयटीसी घेणाऱ्यांनाही २०२० मध्ये हा शेअर त्याहून बराच खाली दिसला.

किती घ्यावेत? आमचं मत असं की या तिन्ही धंद्यांचे शेअर मिळून पोर्टफोलिओच्या पाच ते सात टक्क्यांवर जाऊ नयेत, आणि त्यात इंडेक्स फंडातून आधीच असलेला वाटाही मोजावा. एका सरकारी अधिसूचनेने दहा टक्के पडणारा शेअर पोर्टफोलिओचा चौथा हिस्सा असेल तर एका सकाळी एकूण अडीच टक्के जातात. पाच टक्के असेल तर अर्धा टक्का.

आयटीसी बहुतेक जण लाभांशासाठी घेतात. २०२४-२५ साठी तिने शेअरमागे १४.३५ रुपये दिले; ४०० रुपयांना घेतलेल्या शेअरवर ते ३.६ टक्के होतात. पण एप्रिल २०२० पासून लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवून कर भरावा लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती उपकर धरून साधारण अडीच टक्केच राहतात, म्हणजे मुदत ठेवीशी तुलना करायची तर दोन्हीकडे कर वजा करूनच. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश आला की १० टक्के टीडीएस कापला जातो, १४.३५ च्या दराने ही मर्यादा ६९७ शेअरना ओलांडली जाते. आईवडिलांचं उत्पन्न करपात्र नसेल आणि शेअर त्यांच्या नावावर असतील, तर कर कापू नये असा स्वयंघोषणेचा अर्ज (मार्च २०२६ पर्यंत तो ६० वर्षांखालच्यांसाठी १५जी आणि त्यावरच्यांसाठी १५एच होता) लाभांशाच्या नोंदणी तारखेच्या आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे भरावा. नाहीतर कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळवावी लागते.